पिशवी

आमच्या घरात पिशवी म्हटलं की आधी पोटातलीच.
सासूबाईंची काढली अठ्ठ्याण्णव साली, राजावाडीत,
आणि माझ्या पिशवीत पाणी जरा कमी आहे
म्हणून रोज दोन नारळ प्या, असं डॉक्टर म्हणतात.
त्यामुळे दिवाणावर बसून मी भरतेय ती निळी, रेक्झिनची,
पतपेढीच्या रौप्यमहोत्सवात मिळालेली,
हिला सगळे बॅग म्हणतात.
मी नाही म्हणत.

यादी विजेच्या बिलाच्या पाठीवर.
फाईल. आधारच्या झेरॉक्स तीन,
एक तरी खिडकीवर हरवतेच.
गाऊन दोन, पुढून बटणांचे.
स्टीलचा पेला, त्यावर नाव कोरलेलं
आईच्या लग्नातल्या कुणा मामीचं.
चार्जर, आणि एक्स्टेन्शन बोर्ड, कारण
वॉर्डातला प्लग नेहमी दुसऱ्या बाईच्या उशाशी असतो,
असं मंदाकिनीताई सांगते. तिची तिन्ही तिथलीच.
जुन्या सुती साडीचे चौकोन.
साडी टरकन फाटली तेव्हा
आतून लाथ आली.

झबली दोन. नवी.
विक्रोळी स्टेशनाबाहेरची, पिवळी, बदकांची.
सासूबाईंनी बघितली, न बघितल्यासारखं केलं,
मग लाटता लाटता पोळीलाच म्हणाल्या,
नवं घालत नसतात.
कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं लागतं.
मागच्या खेपेला...
आणि पोळी उलटली.

मागच्या खेपेला यादीपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो.

चेन अडकायची. मेणबत्ती घासली.
हर्षलने उचलून वजन केलं हाताने,
म्हणाला, विमानाने जाणारेस का?
आणि दाराशी ठेवली, चपलांच्या शेजारी.

मंगळवारी रात्री अडीचला बेल.
चौथ्या मजल्यावरचा फैयाज,
एका पायात त्याची चप्पल, एका पायात तिची.
रुक्सारचं पाणी गेलं. आठवा नुकता लागलेला,
गुरुवारी माहेरी मालेगावला जायची होती,
घरात काही म्हणजे काहीच भरलेलं नाही.
भाभी, एखादी चादर असेल तर...
अडीच वाजता चादर कुठे शोधू?
फाईल तेवढी ओढून काढली
आणि अख्खी पिशवीच दिली.
लिफ्ट बंद. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून
हर्षल आणि वॉचमनने उतरवली,
माझी पिशवी तिच्या मांडीवर.

मग दाराशी तेवढा चौकोन रिकामाच.
कुणी चपला त्यात सरकवल्या नाहीत.
मी रोज दोन नारळ प्यायले.
सासूबाई वर डबा नेऊन द्यायच्या फैयाजला,
खाली आल्यावर काही बोलायच्या नाहीत.
पोर अजून काचेत आहे, एवढंच.

दहाव्या दिवशी पिशवी आली.
डेटॉलचा वास. पेला लख्ख.
एक्स्टेन्शनची वायर कुणीतरी
माझ्यापेक्षा नीट गुंडाळलेली.
चौकोन चारच उरले.
आतल्या कप्प्यात चिकटपट्टी, मनगटाएवढीही नाही,
अंगठ्याएवढी:
बेबी ऑफ रुक्सार, मुलगी,
एक किलो आठशे, पाच वाजून दहा मिनिटं.
आणि एक झबलं.
एकच. दुसरं राहू दे ना भाभी, फैयाज म्हणाला,
ढगळ होतं तिला, पण तेच घालतो.

धुतलेलं. बदकं किंचित उडालेली.
गळ्यापाशी एक डाग, गेला नव्हता.
सासूबाईंनी ते दोन बोटांत धरून
ट्यूबलाइटकडे केलं. वास घेतला.
उतरलंय, म्हणाल्या.
आणि घडी घालून स्वतःच्या हाताने
सगळ्यात वर ठेवलं, फाईलच्याही वर.

यादी हरवली. बिल भरायला हर्षलने तीच नेली.
आता पाठच झालीय.
भरून मी पिशवी पुन्हा दाराशी ठेवली
तर त्यांनी उचलून खुर्चीवर नेली.
खाली नको.
मुंग्या येतील.
दुधाचा वास लागलाय तिला.